नेत्रशिबिरानंतर

फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला आहेराच्या साड्या दाखवत होते. डिचोलीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे आणि एप्रिलातल्या लग्नसराईत फोन उचलायलाही फुरसत नसते. अनोळखी नंबर वाजून थांबला, परत वाजला, परत थांबला. पुन्हा वाजायला लागला तेव्हा मात्र साडीची घडी अर्धवट टाकून मी तो उचलला.

"बाय, मी लाटंबार्सेतून बोलतंय. आमच्या मांयक तुमी डोळ्याच्या ऑपरेशनाक न्हेलात ना, तिची सून." आवाज दबका होता, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून अंगणात येऊन बोलावं तसा. "मांयचो डोळो सुजलो हा. पापणी उघडूक जमना नाय. रातभर कण्हत होती. थेंब घालूचे काय नको, तां इचारूक फोन केलंय."

"दुखतंय, की नुसतं खुपतंय?"

"दुखता. कपाळापर्यंत कळ येता म्हणता."

तिला फोन जवळ ठेवायला सांगून मी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसले. समोरची गिऱ्हाईकबाई कुठला रंग घ्यावा ते विचारत होती. तिला मी काय उत्तर दिलं ते आज आठवत नाही.

आमचा क्लब लहान आहे. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतली दुकानदार, शिक्षक, निवृत्त कर्मचारी अशी माणसं. कोणाच्या घरी माणूस अंथरुणाला खिळला तर लोखंडी खाट आणि चाकाची खुर्ची पोचवायची, रक्तदान ठेवायचं, वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी नाटकाचा प्रयोग लावायचा, असली आमची कामं. अध्यक्षपद दर वर्षी फिरतं. त्या वर्षी ते माझ्याकडे होतं. वर्षातलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे मोतीबिंदूचं शिबिर. एका धर्मादाय इस्पितळाचे डॉक्टर आमच्या हॉलमध्ये येऊन डोळे तपासत. ज्यांना गरज असेल त्यांना आम्ही बसने त्या इस्पितळात नेत असू, आणि शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी काळा चष्मा व थेंबांची बाटली देऊन घरी सोडत असू. कितीतरी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. लोकांना त्या इस्पितळाचं नाव धड माहीत नसे. 'क्लबाचं ऑपरेशन' असंच म्हणत सगळे.

लाटंबार्सेची ही म्हातारी आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. आजी म्हणायचे मी तिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी ती शिबिराला यायला तयार नव्हती. "माजा वय झाला, आता कित्याक?" म्हणायची. मीच तिच्या ओसरीवर बसून तिला पटवलं होतं. एक डोळा आता करू, दुसरा पुढच्या वर्षी. काजूच्या बिया निवडताना बोटांनी चाचपत बसते, त्यापेक्षा डोळ्यांनी बघ ना, म्हटलं होतं.

मी इस्पितळात फोन लावला. डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, शिबिरात सगळ्यांशी हसून बोलणाऱ्या. मी सांगत गेले तसा त्यांचा आवाज उतरत गेला.

"मॅडम, त्यांना ताबडतोब इकडे आणा. वाटेत खायला काही देऊ नका."

"आणते."

"आणि त्या दिवशी तुमच्या बसमधून जे जे आले होते, त्या सगळ्यांना आणा."

"सगळ्यांना? बाकी कुणाची तक्रार नाही अजून."

"तक्रार येईपर्यंत थांबू नका. एकाच दिवशी, एकाच टेबलावर सगळ्यांचं झालंय. डोळ्याच्या आत जंतू गेले असतील तर तासातासाने डोळा जातो. आजच, मॅडम. आत्ताच."

क्लबाचे सेक्रेटरी बाजाराच्या वरच्या अंगालाच राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, क्लब सुरू झाला तेव्हापासूनचे सभासद. मी त्यांना भाऊ म्हणते. निरोप मिळाल्यावर ते चपला ओढत तसेच आले. दुकानाच्या मागच्या खोलीत, ताग्यांच्या थप्प्यांमध्ये उभे राहून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चेहरा न पुसता नुसता हातात धरून ठेवला.

"वहिनी, आधी फोन करून सगळ्यांना नुसतं विचारू. ज्याला दुखतंय त्यालाच नेऊ."

"डॉक्टर म्हणाल्या, सगळ्यांना."

"डॉक्टर त्यांची बाजू सांभाळणार. आपली कोण सांभाळणार? सगळ्यांना सरसकट गाड्यांत घातलं तर संध्याकाळपर्यंत दोन्ही तालुक्यांत बोभाटा होईल, क्लबाने लोकांचे डोळे घालवले म्हणून. पुढच्या वर्षी शिबिराला कुत्रं येणार नाही."

"आणि आज दुखत नाही पण उद्या दुखायला लागलं, त्याचं काय?"

"उद्याचं उद्या बघू."

"उद्या उशीर झालेला असेल, भाऊ."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं अध्यक्षपद वर्षाचं. मला ह्याच क्लबात आणि ह्याच गावात राहायचंय."

मला ते लागलं. मीही इथलीच होते, माझं दुकान इथलंच होतं. पण भांडायला वेळ नव्हता. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. बोभाटा होणारच होता. मी फोन काढला आणि आमच्या वहीतला पहिला नंबर त्यांच्यासमोरच लावला.

"क्लबातून बोलतेय. तुम्हाला आज परत इस्पितळात यायचंय. त्या दिवशीच्या एका पेशंटच्या डोळ्यात जंतू गेल्याची शंका आहे. तुमचा डोळा कदाचित ठीक असेल, पण आजच तपासायला हवा. घरीच थांबा, गाडी येतेय."

पलीकडच्या माणसाने गाडी कधी येईल ते विचारलं. मग म्हणाला, "बरां." मी दुसरा नंबर लावला. तेच वाक्य पुन्हा बोलले. तिसऱ्या फोनवरची बाई रडायला लागली. तिला समजावताना माझा आवाज फुटला, तेव्हा भाऊंनी हात पुढे करून फोन माझ्याकडून घेतला आणि ते स्वतः बोलले. जंतू हा शब्द त्यांनी टाळला नाही. फोन ठेवून म्हणाले, "पेडण्याची बाजू माझी. तुम्ही लाटंबार्सेला जा." आणि गाडीची चावी आणायला घरी पळाले.

आमच्या क्लबात एक ट्रकमालक आहेत. खाणी बंद पडल्यापासून त्यांचे ट्रक उभेच असतात, जीप मात्र चालू असते. ते मला घेऊन निघाले. त्यांच्या मागोमाग आणखी एका सभासदाची गाडी होती. काजूचा हंगाम शेवटाला आला होता. बोंडूंचा आंबूस वास वाटभर होता.

आजी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, तळव्याने डोळा झाकून. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि हात बाजूला केला. पापणी करवंदासारखी टरारली होती. मी आणखी काही बघितलं नाही, मला बघवलं नाही.

"आजी, परत जायचं इस्पितळात."

"परत काप घालतले?"

"माहीत नाही. औषध देतील."

तिने माझं मनगट धरलं. सून दारात उभी होती. ती सगळा वेळ माझ्याकडे नुसती बघत होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आजीला दुसऱ्या गाडीत बसवलं, सून शेजारी बसली. मीही त्याच गाडीतून जाणार होते. एवढ्यात भाऊंचा फोन आला.

"वहिनी, मोपाची माणसं गाडीत बसली. एकाचा मुलगा विमानतळावर टॅक्सी चालवतो, तो बापाला घेऊन परस्पर निघालाय. इब्रामपूरचे काका तेवढे राहिले. त्यांचा फोन बंद लागतोय. माझी गाडी भरलीय, ह्या लोकांना थांबवून मी तिकडे वळलो तर…"

"तुम्ही पुढे जा. आम्ही जातो इब्रामपूरला."

आजीची गाडी पुढे पाठवून आम्ही जीपने निघालो. इब्रामपूरच्या त्या काकांना मी बसमध्ये बघितलं होतं. एकटेच खिडकीशी बसलेले, कोणी बोललं तर मान हलवणारे. आता त्यांचं घर शोधताना रस्त्यावर भेटेल त्याला विचारत गेलो. शेवटी माडा-पोफळींच्या कुळागराच्या कडेने पायवाट उतरली आणि गोठा दिसला. काका गोठ्याच्या दारात बसले होते. काळा चष्मा कपाळावर चढवलेला, शस्त्रक्रिया झालेला डोळा उघडाच. आत एक म्हैस उभी होती, सारखी पाय बदलत.

मी माझं ठरलेलं वाक्य बोलले. ते ऐकून काका हसले.

"माका काय्येक होवक नाय. बग, त्या काजीचा पान नि पान दिसता माका."

"दुखत नाही? लाल नाही झाला?"

"धूळ गेली हा थोडी. पाण्यान धुतलंय."

मी आणि ट्रकमालक एकमेकांकडे बघत राहिलो. डोळा धुवायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही, हे घरी सोडताना एकेकाला बजावून सांगितलं होतं. मी त्यांच्या डोळ्यात बघितलं. पांढऱ्या भागात लालसर शिरा दिसत होत्या. शस्त्रक्रियेनंतर एवढी लाली असतेच, की ही वेगळी, मला काही कळेना.

"काका, चला आमच्याबरोबर. संध्याकाळी परत आणून सोडतो."

"खुळावलं काय? म्हस आज व्यातली. पयलारू आसा ती. बायल भाचयेच्या लग्नाक गेली हा. हिका सोडून मी खंय येतलंय?"

"म्हशीला शेजारी बघतील."

"शेजारी आपल्या कामाक गेले."

"काका, डोळा जाईल."

त्यांचा चेहरा बदलला. ते उठून उभे राहिले. "तुमीच न्हेलात, तुमीच बरा केलात, आता तुमीच भियवतात? मगे बरा केल्यात कित्याक? माजो डोळो आसा, मी बगून घेतंय."

ट्रकमालक पुढे झाले, त्यांचा आवाज चढला. मी त्यांना मागे सारलं. काकांना राग आला नव्हता, ते घाबरले होते. बोलता बोलता ते मागे सरकून म्हशीच्या अंगाला टेकले होते. मी बोलून गेले, "मग मी काय करू, काका? तुम्हाला इथे सोडून जाऊ?"

त्यांनी म्हशीपुढची वैरण सारखी केली. मग म्हणाले, "तू हयसर रव."

"मी?"

"मगे कोण? तूच इलंस ना माका न्हेवक. तू म्हशीकडे रवशीत तर मी जातंय."

मी जन्मात म्हैस व्यालेली बघितली नव्हती. माहेर बाजारातलं, सासर बाजारातलं. पण मी "हो" म्हटलं. काकांनी कुळागरात जाऊन हाळी दिली. पलीकडच्या बागायतीतून एक बाई कोयता कमरेला खोवून आली, काकांच्या भावकीतली कोणी. तिला त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून काहीबाही सांगितलं. म्हशीच्या कपाळावरून हात फिरवला, तिच्याशी दोन शब्द बोलले आणि मागे न बघता जीपकडे चालायला लागले. गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग थांबला.

मी फोन बघितला. रेंज नव्हती.

त्या दुपारी मी गोठ्याच्या पायरीवर बसून राहिले. भावकीतली बाई येत-जात होती, वैरण टाकत होती, मध्येच म्हशीच्या मागे जाऊन बघत होती. माझ्या डोक्यात मात्र इस्पितळाचा व्हरांडा होता. कोण पोचलं असेल, कोणाला आत घेतलं असेल, आजीचं काय झालं असेल. ज्यांना मी रोज बाजारात भेटते त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी उद्या मला तोंड दाखवता येणार नाही. काहीच कळायला मार्ग नव्हता. शेवटी राहवेना तेव्हा त्या बाईला विचारलं, "रेंज कुठे मिळते?" तिने घरामागचा सडा, उंच कातळाचा माळ, दाखवला. तापलेल्या जांभ्या दगडांवरून मी वर चढले, हात उंच करून फोन धरला. एक रेघ आली. भाऊंना लावला. "वहिनी, आजीला आत…" एवढंच ऐकू आलं आणि फोन कट झाला. परत लावला, लागला नाही. परत लावला.

खालून हाक आली, "बाय, धाव गे!"

म्हैस खाली बसली होती, मान ताणून. भावकीतल्या बाईने लुगड्याचा काष्टा घट्ट केला होता. दोन पिवळट खूर बाहेर दिसत होते, पुढे काही सरकत नव्हतं. म्हैस कळ देई, खूर थोडे पुढे येत, परत आत जात. असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. बाईने गोणपाटाचा तुकडा खुरांभोवती गुंडाळला, एक टोक माझ्या हातात दिलं.

"ती कळ देयत तेव्हा वढ. नायतर नको."

मी ओढलं. हात निसटले, परत धरले. म्हैस एवढ्याने ओरडली की मी घाबरून सोडणार होते. बाई म्हणाली, "सोडू नको!" आणि एकदम नाक दिसलं, डोकं दिसलं, आणि मग सगळं रेडकू एका घसरणीत चिकट पाण्यासह माझ्या पायांवर येऊन पडलं. ते हलत नव्हतं. बाईने त्याच्या नाकातोंडात बोट घालून चिकटा काढला, गवताच्या मुठीने छाती घासली. मी नुसती उभी होते. मग ते शिंकलं. एवढासा आवाज. म्हैस वळली आणि त्याला चाटायला लागली.

"रेडी," बाई म्हणाली. "म्हातारो खूश जातलो."

मला रडू आलं. त्या बाईला वाटलं, रेडकू बघून रडतेय. तिने मला बाल्दीत पाणी आणून दिलं, हात धुवायला. माझी साडी गुडघ्यापर्यंत भरली होती. मी तशीच परत सड्यावर गेले. ह्या वेळी भाऊंचा फोन लागला.

"काकांचा डोळा?" मी आधी तेच विचारलं.

"सुरुवात झालीय म्हणतात. आत इंजेक्शन दिलं. वेळेवर आले म्हणाल्या डॉक्टर. दिवसभर तिथेच बसून राहिले असते तर काही खरं नव्हतं."

"आणि बाकीचे?"

"आणखी एका बाईंना इंजेक्शन दिलंय. बाकीच्यांचे डोळे चांगले आहेत, पण रात्री ठेवून घेतायत."

आजीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"आजी, भाऊ?"

"आजीला बांबोळीला, मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं. इथे आता त्यांच्या हाताबाहेर आहे."

मी सड्यावरच खाली बसले. खाली गोठ्यातून ती बाई म्हशीशी बोलत असल्याचा आवाज येत होता.

काकांचा डोळा वाचला. दुसऱ्या बाईंचाही. बाकीचे चार दिवसांत घरी गेले. आजीच्या डोळ्यावर बांबोळीला पुन्हा शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं, पण दृष्टी आली नाही. नेमकं कशामुळे झालं ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. इस्पितळाने शस्त्रक्रियेत वापरलेलं द्रावण तपासायला पाठवलं, खोली बंद ठेवली, चौकशी झाली. आम्हाला एवढंच सांगितलं गेलं की ते द्रावण संशयास्पद होतं. आजीच्या उपचारांचा भार त्यांनी उचलला, हे मला सांगायला हवं.

भाऊ म्हणाले होते तसा बोभाटा झालाच. बाजारात माझ्याशी बोलताना लोक मध्येच थांबायचे. एक-दोन सभासद क्लब सोडून गेले. लाटंबार्सेच्या लोकांनी निरोप पाठवला की अध्यक्षांनी येऊन सांगावं काय झालं ते. देवळाच्या मंडपात माणसं जमली होती, आजीचा मुलगा पुढेच उभा होता, हाताची घडी घालून. मी बोलायला उभी राहिले आणि पहिलंच वाक्य अडकलं. तेव्हा भाऊ उठले.

"चूक कुणाची ते चौकशीत ठरेल," ते म्हणाले. "पण तुमच्या माणसांना बसमध्ये आम्ही बसवलं होतं. आम्ही सांगितलं म्हणून तुम्ही पाठवलंत. म्हणून तुमच्यासमोर उभे आहोत. जे विचारायचं ते विचारा."

लोकांनी विचारलं. खूप विचारलं, कडवटपणे विचारलं. आजीचा मुलगा म्हणाला, "तुमका फोटो काढूक माणसां होयी असतत. आमच्या आवयचो डोळो गेलो." आम्ही ते ऐकून घेतलं. परत येताना भाऊ आणि मी एकाच गाडीत होतो. डिचोलीला उतरताना ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही माझं ऐकलं असतं तर एक नाही, तीन डोळे गेले असते." एवढं बोलून ते घराकडे चालते झाले.

आजीला तपासणीला न्यायचं काम मी स्वतःकडे घेतलं. दर वेळी सून बरोबर असायची. गाडीत मागे बसायची, विचारलं तेवढं बोलायची, मला नावाने किंवा नात्याने हाक मारायची नाही. आजी मात्र बोलत असे, पण डोळ्याविषयी नाही. काजी, पाऊस, शेजारणीची भांडणं. मग पावसाळा सरता सरता बांबोळीच्या डॉक्टरांनी सांगितलं की दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, आता काढायला हवा. नाहीतर ती पूर्ण आंधळी होईल.

डॉक्टर कागद भरायला लागले. सून भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, आता आजी नाही म्हणणार, आणि तिला हो म्हणायला लावण्याचा हक्क मला उरलेला नाही.

आजीने विचारलं, "तू येतलंस?"

"येणार," मी म्हटलं.

"मगे करूया."

तो दिवस मला त्या एप्रिलच्या दिवसाहून जड गेला. आत जाताना आजीने आपल्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढून सुनेकडे दिल्या. बाहेरच्या बाकावर सून एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. दार उघडलं की दोघी एकदम मान वर करायचो. दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुकारलं जायचं. शस्त्रक्रिया नीट झाली म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही आम्ही दोघींनी मान हलवली, आनंद केला नाही. नीट झाली हे आधीही सांगितलं होतं. त्यानंतरचे दिवस मी फोनच्या आवाजाला दचकत काढले. दुकानात कोणी 'डोळा' शब्द उच्चारला तरी मी हातातला तागा ठेवून ऐकत राहायचे. फोन आला नाही. मी रोज करायचे. सून म्हणायची, "दुखना नाय. लाल नाय." आणि ठेवून द्यायची.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी आजीला समोरची अक्षरं दाखवली. तिला वाचता येत नाही, म्हणून मग बोटं दाखवली. तिने बरोबर सांगितली. मग ती खुर्चीतच वळली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"अगे, तुजे केस पिकले!" ती म्हणाली. "दुकानात इतकी वर्षां बगतंय, माका काळेच दिसत."

डॉक्टर हसले. मी हसले की रडले, मला आठवत नाही. सुनेने पदर तोंडाला लावला.

आमचं शिबिर त्या वर्षी बंद राहिलं. नंतर सुरू झालं तेव्हा आम्ही माणसं थोडी घेतली, आणि घरी सोडल्यावर आठवडाभर रोज सकाळी प्रत्येकाच्या दारात सभासद जाऊन डोळा बघून येतो, असा नियम केला. इब्रामपूरचे काका त्यांच्या भागातली दारं सांभाळतात. कुणाच्या डोळ्याला पाणी लागलेलं त्यांना खपत नाही.

पण तपासणीच्या त्या दिवशी परतताना हे काहीच ठरलेलं नव्हतं. आजी वाटभर खिडकीतून बाहेर बघत होती आणि दिसेल ते मोठ्याने सांगत होती. घर आलं. मी नेहमीसारखी गाडीतच थांबले. सून उतरली, सासूला हात देऊन आत घेऊन गेली, आणि परत बाहेर आली.

"वयनी, च्या घेवन वच," ती म्हणाली.

मी उतरून ओसरीवर जाऊन बसले. तिने चुलीवर आधण ठेवलं. उंडो, म्हणजे गोल पाव, चिरून लोणी लावलं, पेल्यात चहा ओतला आणि माझ्यासमोर ठेवला. मग स्वतःचा पेला घेऊन ती माझ्या शेजारी ओसरीच्या काठावर बसली. आतून आजी कुणाला तरी विचारत होती की ही भिंत कधी रंगवली, आणि हा असला रंग कोणी लावला.